विहिरीची विश्रांती

आनंदनगर वस्ती, बोरी
२६ फेब्रुवारी २०२४

चि. नागसेन यास,
सप्रेम जय भीम आणि अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आणि सोबतचा छापील लेख पोचला. माझे कान आता पार कामातून गेले. फोनवर तू एक विचारतोस, मी भलत्याच गोष्टीला हो म्हणतो आणि तुझी आई पदर तोंडाला लावून हसते. त्यापेक्षा पत्र बरं. पत्राला कानाची गरज नाही.

लेख इंग्रजीत, त्यामुळे सावकाश वाचला. आपल्या वस्तीची विहीर नकाशात पाहून फार बरं वाटलं. शेवटी आभारांत निरीक्षक म्हणून माझं एकट्याचं नाव आहे, ते आईला दोनदा वाचून दाखवलं. तिची तक्रार अशी, की विहिरीत मोजायची टेप गुरुजींनी, म्हणजे मी, सोडली हे खरं, पण तिकडं चहा कोण घेऊन येत होतं? पुढच्या लेखात तिचीही सोय कर.

वस्तीला तुझ्या चौतीस लेखांचं काही पडलेलं नाही. त्यांना एवढंच ठाऊक, की आपला नागसेन जमिनीतलं पाणी बघतो. परवा बन्सीधरराव विचारत होते, की पोरगं आलं की आमच्या रानात नव्या बोअरचा पॉइंट काढून देईल काय. मी म्हटलं, की तो पाणाड्या नाही, शास्त्रज्ञ आहे. त्यावर ते म्हणाले, की पाणाड्या तरी एका नारळात काम करतो.

यंदा विहीर लवकर बसली. माघी पौर्णिमेलाच तळ दिसला. पाणी मुरावं म्हणून माळावर खोदलेल्या तुझ्या चरांचं काय झालं? मोजमाप संपलं म्हणून रुसले की काय?

मोजमाप संपल्यापासून बायकांचा एक ताप मात्र वाचला. तुला हे सांगायचं राहूनच गेलं होतं. चर खोदले त्या वर्षी तू म्हणाला होतास, की आकडा चांगला आला नाही तर साहेब हे काम बंद करतील. ते आपल्या वस्तीतल्या कडूबाईनं ऐकलं. तिनं सगळ्यांना सांगितलं, की आपल्या पोराची परीक्षा हाय, पौर्णिमेच्या आधी तीन दिवस कुनीबी विहिरीत पोहरा सोडायचा न्हाई. तेव्हापासून दर पौर्णिमेच्या आधी मोटर बंद, पोहरा बंद. पाणी बन्सीधररावांच्या बोअरवरून डोक्यावर आणायचं. पौर्णिमेला विहारात वंदना झाली, की मी टेप सोडायची, आणि मग पोरं मोटर चालू करायची. दोन वर्षं कुणी मोडता घातला नाही. तू स्वतः दोनदा तपासायला आलास तेव्हाही मोटर बंदच होती. तुला वाटलं लाइट गेली आहे. आम्ही आपसांत हसलो.

वरच्या पदाच्या मुलाखतीची तारीख कळव. आई गुडघ्याचं तेल संपल्याचं सांगते आहे. आमच्यावर जीव आहे तसाच असू दे.

तुझा,
सिताराम


हैदराबाद
५ मार्च २०२४

ती. बाबांना,
सविनय जय भीम. वि. वि.

तेल कुरिअरनं पाठवलं आहे. मुलाखत बावीस एप्रिलला आहे.

बाबा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही हे कुणाला सांगितलं आहे का? वस्तीबाहेरच्या माणसाला? कृपा करून सांगू नका.

तुम्हाला यात काय बिघडलं ते कळलं नसेल, म्हणून सरळ लिहितो. आपली विहीर मुरूम आणि खाली काळ्या दगडात आहे. झरे बारीक. रोज उपसा चालू असला तर ती कधीच पुरती भरत नाही, आणि तीन दिवस हात लावला नाही तर आपोआप परसभर, म्हणजे माणसाच्या उंचीएवढी, वर येते. चर खोदण्याआधीच्या वर्षी तुम्ही मोजलं ते चालू विहिरीतलं पाणी. त्यानंतरची दोन वर्षं मोजलं ते विश्रांती घेतलेल्या विहिरीतलं. मी दोन्हींची तुलना केली आणि लिहिलं, की चरांमुळे पाणी परसभर वाढलं. चरांनी काहीही केलेलं नाही, बाबा. ते परसभर पाणी आईनं आणि कडूबाईनं डोक्यावरून आणलं.

त्या लेखावर मी उभा आहे. देशातल्या आणि बाहेरच्या अठरा-वीस लोकांनी आपल्या लेखांत त्याचा दाखला दिला आहे. मला हसू येत नाही आणि रागही कुणावर काढता येत नाही. तुम्ही शिक्षक होतात. परीक्षेच्या आदल्या दिवशी पोराला उत्तरं सांगणाऱ्या पालकांना तुम्ही शाळेच्या दारातून परत पाठवायचात. मग हे कसं चाललं तुम्हाला?

असो. मुलाखत होईपर्यंत गप्प राहा, एवढी विनंती. आईला नमस्कार. रागावलो असलो तरी तुमचाच आहे, हे विसरू नका.

आपला,
नागसेन


गंगाखेड
२४ मार्च २०२४

चि. नागसेन यास,
ताईचा जय भीम आणि आशीर्वाद.

फोन केला की तू मीटिंगमध्ये. माझ्या चौथीतली पोरंसुद्धा यापेक्षा बऱ्या सबबी सांगतात. म्हणून लिहायला बसले.

मी शनिवारी बोरीला जाऊन आले. तू बाबांना काय लिहिलंस ते त्यांनी दाखवलं नाही, पण माणूस पार मिटून गेला आहे. वर्तमानपत्र पुढ्यात धरतात आणि पान उलटत नाहीत. आईला खोदून विचारलं तेव्हा सगळं कळलं. वस्तीला मात्र यातलं अजून काही माहीत नाही. ते बिचारे अजून म्हणतात, की आमी तीन दिस पाणी वाहिलं म्हणून नागसेन मोठा साहेब व्हायलाय.

आता तुला माहीत नसलेली गोष्ट. दरवर्षी मार्चपासून वस्तीवर टँकर यायचा. यंदा टंचाईच्या यादीत वस्तीचं नावच नाही. बाबा तालुक्याला कचेरीत गेले, तर तिथल्या साहेबांनी कपाटातून तुझा लेख काढून दाखवला. म्हणे तुमच्याच मुलानं लिहिलंय की विहिरीला पाणी वाढलं, मग टँकर कशाला? तुझ्या पद्धतीचे चर आणखी दोन वस्त्यांवर खोदले होते ना, त्यांचीही नावं उडाली. बाबा तिथं काही बोलले नाहीत. तू गप्प राहायला सांगितलं होतंस.

विहिरीत चिखल आहे. बन्सीधररावांचा बोअर सकाळी घटकाभर चालतो, मग गुळण्या टाकतो. तेवढ्यासाठी बायका पहाटेपासून रांग लावतात. आई त्या रांगेत असते, तिच्या त्या गुडघ्यांनिशी. मागच्या आठवड्यात कडूबाई बांधावर हंड्यासकट पडली. मनगट मोडलं. मी भेटायला गेले तर मलाच विचारते, की नागसेनची परीक्षा पास झाली का गं?

नागसेन, कचेरीला तुझं एक पत्र पुरे आहे, की लेखातला आकडा बरोबर नाही. चार ओळी. चौतीस लेख लिहिणाऱ्याला चार ओळी जड जाऊ नयेत.

उत्तर पाठव. चिडलास तर चिड, पण बहिणीला तोडू नकोस.

तुझी,
सुकेशनीताई


हैदराबाद
१ एप्रिल २०२४

सौ. ताईस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

चार ओळी, असं तू लिहिलंस. त्या चार ओळींची किंमत तुला ठाऊक नाही, म्हणून लिहितो.

माझे चौतीस लेख. त्यांतल्या तेहतिसांत माझं नाव तिसरं, चौथं, कुठं पाचवं. नालगोंड्यापासून अनंतपूरपर्यंत उन्हात विहिरी मी मोजल्या, पाण्याच्या बाटल्या डोक्यावरून मी आणल्या, रात्ररात्र आलेख मी काढले, आणि पहिलं नाव साहेबांचं, दुसरं साहेबांच्या साहेबांचं. एकदा विचारलं, तर उत्तर मिळालं, की नोकरी कोणत्या यादीतून लागली ते आठव आणि समाधान मान. हे मी घरी कधी सांगितलं नाही. बाबांना वाटतं, की इथं विद्वानांत विद्वानांसारखं चालतं.

हा एकच लेख असा, ज्यावर पहिलं नाव माझं. तो आला आणि त्याच साहेबांनी मला बसायला खुर्ची दिली. वरच्या पदासाठी नाव गेलं ते याच लेखामुळे. आता मी लिहू, की चुकलं? दुसऱ्या कुणाचा लेख चुकला तर लोक म्हणतात, की शास्त्रात असं होतं. माझा चुकला तर म्हणतील, की आम्हाला माहीतच होतं. आणि माझ्यामागून येणाऱ्या आपल्या पोरांनाही तेच ऐकावं लागेल. हे खोटं वाटत असेल तर माझ्या जागी महिनाभर बसून बघ.

मी नाही म्हणत नाही. बावीस तारखेला मुलाखत आहे, त्यानंतर लिहितो. तोवर खासगी टँकर मागवा, बिल माझ्याकडे पाठवा. कडूबाईच्या हाताचा खर्चही मी देतो.

मला स्वार्थी म्हणशील. म्हण. पण तीन आठवडे थांब. बोलणं टाकू नकोस, एवढंच मागतो.

तुझा,
नागसेन


आनंदनगर वस्ती, बोरी
१८ एप्रिल २०२४

चि. नागसेन यास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझं सुकेशनीला आलेलं पत्र तिनं मला वाचायला दिलं. रागावू नकोस तिच्यावर. यादीची आणि खुर्चीची गोष्ट वाचून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तू हे आम्हाला सांगायला हवं होतंस. मी वस्तीत ताठ मानेनं सांगत फिरायचो, की आमच्या नागसेनच्या कचेरीत फक्त अक्कल बघतात.

खासगी टँकरचं म्हणशील, तर आपल्या वस्तीला तू उन्हाळाभर पाणी पाजशील, पण बाकीच्या दोन वस्त्यांचं काय? त्यांनी तर तुझ्यासाठी काही केलंही नव्हतं. त्यांना तुझ्या लेखानं नुसतं यादीतून काढलं.

जयंतीला वस्तीत पाणी नव्हतं. लोकांना निळा टिळा लावला आणि सरबत द्यायला घागरीत काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी सुकेशनीला घेऊन तालुक्याला गेलो. कचेरीतली निम्मी माणसं निवडणुकीच्या कामाला गेलेली, पण साहेब भेटले. मी लिहून दिलं, की विहिरीचे आकडे मी मोजलेच नाहीत. घरी बसून मनानं लिहिले आणि मुलाला पाठवले, मुलाला याची काही कल्पना नव्हती. खाली सही केली.

तू विचारशील, की खरं का नाही सांगितलं. खरं सांगितलं असतं, तर वस्तीनं सरकारी मोजणीच्या वेळी पाणी दडवलं असं कुणीतरी म्हटलं असतं, आणि चाळीस घरांची नावं चौकशीत आली असती. आणि दुसरी गोष्ट. मोटर बंद होती आणि तू दोनदा समोर उभा होतास, तरी का बंद आहे हे विचारलं नाहीस. ते कुणाच्या तोंडी जायला नको होतं. मला वाटलं, की एका माणसाचं नाव खराब होऊन काम भागत असेल तर ते म्हाताऱ्याचं व्हावं.

साहेबांनी कागद वाचला आणि माझ्याकडे जसं पाहिलं, तसं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. बाहेर सुकेशनी रडली. मी तिला चहा पाजला.

टँकरची यादी दुरुस्त करतो असं म्हणाले आहेत. त्या कागदाची प्रत सोबत आहे. तुला मासिकाला कळवावं लागेल. हा कागद लावला तर तुझ्यावर काही येणार नाही. पण तुला याहून वेगळं, म्हणजे घडलं तसं लिहायचं असेल, तर तू मोकळा आहेस. मी काही सांगत नाही. मी उत्तराची वाट बघतो आहे.

मुलाखतीला शांत डोक्यानं जा. आईचे आशीर्वाद. लोभ होता तितकाच आहे, तू तपासून बघ.

तुझा,
सिताराम


हैदराबाद
९ मे २०२४

ती. बाबांना,
सविनय जय भीम. वि. वि.

पत्राला उशीर झाला, माफ करा. एक चांगली बातमी आहे, ती आधी सांगतो. माझी निवड झाली.

तुमचा कागद मुलाखतीच्या आधी दोन दिवस मिळाला. मी बराच विचार केला. घडलं तसं लिहायला बसलोही होतो. एक पान लिहिलं. मग वाटलं, की तुम्ही कचेरीत एक लिहून दिलं आहे आणि मी दुसरं लिहिलं, तर तुम्ही दोनदा खोटे ठराल. वस्तीही अडचणीत येईल. म्हणून मासिकाला तुमच्याच कागदाची प्रत पाठवली आणि लेख मागे घेत असल्याचं कळवलं.

मुलाखतीत मी स्वतःहून हे सांगितलं. साहेबांना धक्का बसला. मग समितीचे अध्यक्ष म्हणाले, की वडिलांची चूक उघड करायला छाती लागते, असा प्रामाणिकपणा हल्ली दिसत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. चौतीसमधला एक लेख गेला आणि तेहतीस राहिले, पण त्या एकानं गेल्यावर जेवढं दिलं, तेवढं छापून आल्यावरही दिलं नव्हतं. हे मला आवडलं असं समजू नका. मी खाली बघत होतो.

मासिकात निवेदन येईल. त्यात स्थानिक निरीक्षकानं काल्पनिक आकडे दिले असं वाक्य आहे. तुमचं नाव त्यांनी घातलेलं नाही. आभारांत निरीक्षक म्हणून एकच नाव होतं हे खरं, पण तेवढं मागं जाऊन कोण वाचतो?

टँकर सुरू झाल्याचं ताईनं मेसेजवर कळवलं. फार बरं वाटलं. बुद्धपौर्णिमेला सुटी आहे, दोन दिवस जोडून घरी यावं म्हणतो. तुमच्या पायांवर डोकं ठेवायचं आहे. यावं ना? आशीर्वाद असू द्या.

आपला,
नागसेन


आनंदनगर वस्ती, बोरी
१७ मे २०२४

चि. नागसेन यास,
सप्रेम जय भीम आणि अभिनंदन. वि. वि.

निवड झाली, फार चांगलं झालं. आईनं खीर केली. मीही खाल्ली.

टँकर एक दिवसाआड येतो. तिन्ही वस्त्यांना येतो. पूर्वी टँकर आला की ड्रायव्हरच्या कागदावर मी सही करायचो. आता ग्रामसेवकानं ते काम दुसऱ्याला दिलं आहे. म्हणाला, की गुरुजी, राग मानू नका, पण तुमची सही आता कचेरीत चालायची न्हाई. मुलांच्या दाखल्यांसाठी लोक यायचे, तेही येत नाहीत. मला वेळ पुष्कळ मिळतो.

कचेरीतली गोष्ट वस्तीत पोचली. आधी कुणाचा विश्वास बसेना. मग कडूबाई आली, हात अजून गळ्यात बांधलेला. तिनं विचारलं, की गुरुजी, तुमी घरी बसूनच आकडे लिवत हुता, तर आमाला दोन वर्सं तीन-तीन दिस पाणी कशाला वाहायला लावलं? उत्तर होतं, पण ते मी कचेरीत खर्च करून आलो होतो. ती निघून गेली. तेव्हापासून बोलत नाही. समोरून आली की पदर सारखा करते आणि बाजूनं जाते. आईशी बोलते, पण आवाज हळू करून.

तुझं पत्र मी आईला पूर्ण वाचून दाखवलं नाही. वडिलांची चूक उघड करायला छाती लागते, ते वाक्य गाळलं. तू एक पान लिहिलं होतंस असं म्हणतोस. ते मला पाठवलं असतंस तरी मी फाडून टाकलं असतं आणि मला झोप लागली असती. नुसतं मला पाठवायचं होतं, नागसेन. मासिकाला नाही.

आता तू विचारलं आहेस, की यावं ना. तुझी निवड झाल्याचं आणि तू मुलाखतीत सगळं सांगून लेख मागे घेतल्याचं सुकेशनीनं इथं सांगितलं. वस्तीनं ठरवलं आहे, की बुद्धपौर्णिमेला विहारात वंदनेनंतर तुझा सत्कार करायचा. लोक म्हणतात, की बापानं खोटं केलं, पण लेकानं इमान राखलं आणि साऱ्या दुनियेसमोर कबूल केलं. शाल आणली आहे. दोन शब्द बोलायला बाहेरून पाहुणेही बोलावले आहेत, आणि तुझा बाप म्हणून मला पहिल्या रांगेत खुर्ची ठेवणार आहेत, तेवढा मान अजून शिल्लक आहे.

तू आलास तर ते तुझ्या प्रामाणिकपणाबद्दल बोलतील आणि मला टाळ्या वाजवाव्या लागतील. मी वाजवीनही. म्हणून येऊ नकोस.

आईचे आशीर्वाद. लोभ वाढव असं या वेळी लिहवत नाही.

तुझा,
सिताराम